महिन्याचे पंधराशे आणि अनणसुख

(विहाराच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





विहारात पैशाचा विषय कशाला, असे काही वडीलधाऱ्यांच्या मनात आले असेल. वर्षावासात शील, समाधी, प्रज्ञा यांवर बोलावे, सरकारच्या योजनांवर बोलायला बाहेर चौक पडलेला आहे. परंतु धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातील एका गरीब शेतकऱ्याची गोष्ट आहे. तथागत आळवीला आले, म्हणून तोही देशना ऐकायला निघणार होता. नेमका त्याच दिवशी त्याचा बैल सुटून गेला. बैल शोधता शोधता उन्हं चढली आणि तो उपाशीपोटी तसाच सभेत येऊन बसला. भगवंत त्याच्यासाठीच थांबले होते. त्यांनी आधी विचारले, अन्न काही उरले आहे काय? असेल तर याला जेवू घाला. तो जेवला, त्याच्या जिवात जीव आला आणि मग भगवंतांनी धम्म सांगितला. काही भिक्खू कुरकुरले, तेव्हा उपाशी माणसाला धम्म उमगत नाही हे भगवंतांनी त्यांना समजावले. म्हणून आम्ही आज विहारात, भगवंतांच्या मूर्तीसमोरच, पैशाचा विषय काढतो आहोत.

विषय असा की गरीब खेडूत कुटुंबाला दर महिन्याला थोडीशी रक्कम, काही अट न घालता, हातात मिळाली तर त्या घरात काय घडते? शिकलेले लोक याला बेसिक इन्कम म्हणतात, मराठीत मूलभूत उत्पन्न. प्रत्येक माणसाला, माणूस म्हणून, दरमहा, रोख. याचे सातबारा बघायचे नाही, त्याचे वय बघायचे नाही. २०१७ च्या जानेवारीत केंद्र सरकारने मांडलेल्या आर्थिक पाहणीत यावर एक अख्खे प्रकरण होते आणि त्यात माणशी वर्षाला ७,६२० रुपये असा एक हिशेब मांडला होता. तो हिशेब पुस्तकातच राहिला. पण त्याच्याही आधी, आपल्या शेजारच्या मध्यप्रदेशात हा प्रयोग प्रत्यक्ष करून पाहिला गेला, आणि त्याची माहिती आपल्या लोकांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही.

२०११ साली 'सेवा' या स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने इंदूर जिल्ह्यातील आठ गावे निवडली. गावातल्या प्रत्येकाला पैसे द्यायचे ठरले. पाटील असो की मजूर, बाई असो की पुरुष, सगळ्यांना सारखेच. मोठ्या माणसाला महिन्याचे २०० रुपये आणि लहान मुलाचे १०० रुपये. मुलाचे पैसे आईच्या हाती. वर्षभरानंतर ती रक्कम ३०० आणि १५० केली. एका आदिवासी गावातही असेच केले. एकूण सुमारे सहा हजार माणसांना हे पैसे मिळाले. शेजारची तशीच बारा गावे नुसती पाहणीसाठी ठेवली, म्हणजे फरक कशाने पडला ते कळावे. नवराबायको आणि तीन मुले असे घर धरा. महिन्याचे ७०० आणि नंतर १,०५० रुपये. त्या वेळेसही ही रक्कम काही मोठी नव्हती. एखाद्या आजारपणात उडून जाईल इतकीच.

मग काय झाले? आम्हांला विचाराल तर सर्वांत महत्त्वाची गोष्ट कर्जाची. पैसे मिळणाऱ्या घरांनी जुने कर्ज फेडण्याकडे आणि नवे न घेण्याकडे कल दाखवला. थोडी बचत पडू लागली, बकऱ्या-कोंबड्या आल्या. दुसऱ्याच्या बांधावर रोजीने जाणारे आपल्या स्वतःच्या तुकड्यावर अधिक राबू लागले. मुलांची वजने सुधारली आणि त्यातही मुलींची अधिक. मोठ्या वर्गातील मुली शाळेत टिकल्या. आणि ज्याची सगळ्यांना भीती होती ती दारू काही वाढली नाही. या प्रयोगावर गाय स्टँडिंग, सारथ दावला, रेनाना झाबवाला आणि सौम्या कपूर मेहता यांचे पुस्तक २०१५ साली निघाले. ते इंग्रजीत आहे. ज्या तरुणांना जमेल त्यांनी ते जरूर वाचावे आणि विहारात येऊन सांगावे.

आता आपल्याकडे कोणी म्हणेल, "फुकटाचा पैसा माणसाले आळशी करते." हे वाक्य आम्ही बंगल्यातून ऐकतो, चावडीवर ऐकतो आणि दुःखाने सांगावे लागते की आपल्या पेन्शनवाल्या मंडळींच्या तोंडूनही ऐकतो. आम्ही त्यांना एवढेच विचारतो की महिन्याच्या महिन्याला पेन्शन येते, तुम्ही आळशी झालात काय?

आपल्या वस्तीचाच इतिहास पहा. आपल्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे भंडारा, उमरेड, काटोल, भिवापूर या बाजूच्या खेड्यांतून नागपूरला आले. १८७७ साली जमशेदजी टाटांनी सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये, पुढे मॉडेल मिलमध्ये लागले. गिरणीत अंग पिंजून निघत होते, कापसाचे तंतू छातीत जात होते, हे आम्ही विसरत नाही. पण गिरणीने एक गोष्ट दिली जी गावाने पिढ्यान्‌पिढ्या दिली नव्हती. ठरलेल्या तारखेला ठरलेला पगार. त्या पगाराच्या भरवशावर किराणा दुकानात खाते चालले, मुलाचे नाव शाळेत घातले, गावाकडे म्हाताऱ्या आईला मनिऑर्डर गेली. मजुरी गावातही होतीच की! परंतु गावात आज काम आहे, उद्या नाही. आज पायली मिळाली, उद्या मालकाची मर्जी फिरली. माणूस पुढच्या महिन्याचा विचार तेव्हाच करतो, जेव्हा पुढच्या महिन्यात काही येणार आहे हे त्याला आज ठाऊक असते. आपल्या वस्तीत शिक्षक, कारकून, इंजिनिअर झाले, त्यामागे बाबासाहेबांचा मंत्र तर आहेच, पण तो मंत्र पाळता यावा म्हणून त्या तारखेच्या पगाराचाही हात आहे. गिरण्या बंद पडल्या तेव्हा कोणकोणत्या घरातल्या मुलांची शाळा सुटली, हे इथे बसलेल्या अनेकांना माहीत आहे.

खेड्यात आजही आषाढ-श्रावणातली स्थिती काय असते? पेरणीत होते नव्हते ते गेलेले. कापूस, सोयाबीन, धान घरी यायला अजून अवकाश. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, वही-पुस्तक-गणवेश त्याच वेळी. पोरं तापाने फणफणतात तेही त्याच वेळी. अशा वेळी माणूस सावकाराकडे जातो, नाही तर पाडव्याला ज्याच्याकडे साल धरले त्या मालकाकडे आणखी उचल मागतो. हिशेब करून पाहा. दहा हजार रुपये महिना शेकडा पाच दराने घेतले तर महिन्याला नुसते व्याज पाचशे रुपये. मुद्दल जागच्या जागी. सालगडी राहिलेला माणूस उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जाऊ शकत नाही, मजुरी वाढवून मागू शकत नाही. मालकाने जातीवरून शब्द टाकला तरी गिळतो. कर्ज म्हणजे नुसता पैशाचा व्यवहार नव्हे, ते तोंडावरचे कुलूप आहे.

म्हणूनच अंगुत्तर निकायात अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगताना भगवंतांनी एक सुख 'अनण' सांगितले आहे. ऋण नसण्याचे सुख. आपल्या मालकीचे काही असण्याचे सुख, ते उपभोगण्याचे सुख, कोणाचे थोडे की फार देणे नसण्याचे सुख आणि निर्दोष वर्तनाचे सुख, अशी ती चार. यांतले शेवटचे श्रेष्ठ हे खरेच. पण भगवंतांनी पहिली तीन वगळून थेट चौथ्यावर उडी मारली नाही, हे आपण ध्यानात घेत नाही. सेठ अनाथपिंडिकाला जे सांगितले ते आमच्या सालगड्याला तर दुपटीने लागू आहे.

आता घरच्या गोष्टीकडे येऊ. २८ जून २०२४ रोजी त्या वेळचे अर्थमंत्री अजित पवार यांनी अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' ही योजना जाहीर केली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील स्त्रीच्या खात्यात महिन्याचे १,५०० रुपये. ऑगस्टमध्ये पहिले पैसे आले. दुसऱ्या टप्प्याचा सोहळा तर आपल्या रेशीमबाग मैदानावरच झाला. पाहता पाहता दोन कोटींच्या वर स्त्रियांपर्यंत ही रक्कम गेली. हे बेसिक इन्कम नव्हे, कारण अटी आहेत, पुरुष नाही, मूल नाही. पण त्याच्या जवळ जाणारी एवढी मोठी गोष्ट महाराष्ट्रात यापूर्वी झालेली नव्हती. १९८० पासून संजय गांधी निराधार योजना आहे, पण ती निराधारांसाठी. रोजगार हमी आली, १९७२ च्या दुष्काळातून वर आलेली, १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून कायदा झालेली, तिने आपल्या कित्येक घरांना जगवले. पण तिथे खडी फोडल्याशिवाय दाम नाही, आणि म्हाताऱ्याला, बाळंतिणीला खडी फोडता येत नाही.

एक मुद्दा आम्हांला ठासून सांगायचा आहे. पंतप्रधान किसान सन्मानचे वर्षाचे सहा हजार, २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरीचे आणखी सहा हजार, हे सारे पैसे सातबाऱ्यावर नाव असलेल्यांना आहेत. ज्याच्याकडे जमीन त्याला बारा हजार, आणि त्याच्या शेतात निंदण करणाऱ्या भूमिहीन बाईला भोपळा! आमचे गावाकडचे बहुतेक नातलग भूमिहीन का आहेत, याचे कारण कोणत्याही तलाठ्याला विचारायची गरज नाही. लाडकी बहीण योजनेचे आम्ही स्वागत करतो ते यासाठी की तिने जमिनीचा उतारा मागितला नाही. महिन्याचे पंधराशे म्हणजे दिवसाचे पन्नास रुपये. शहरातल्या माणसाला चहापाण्याचे वाटतील. गावातल्या मायबाईला मात्र ते औषधाचे, तेलमिठाचे, पोरीच्या एसटी पासचे आणि बचतगटाच्या हप्त्याचे आहेत. विशेष म्हणजे ते तिच्या नावाचे आहेत.

सोयाबीन सोंगणीला, कापूस वेचणीला आता बाया मिळत नाहीत, "साऱ्या लाडक्या बहिणी होऊन बसल्या," अशी ओरड तुम्ही ऐकली असेल. आम्ही तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. बाई कामाला नाही म्हणत नाही, ती पडेल भावाला नाही म्हणते. ज्वर अंगात असताना उन्हात वाकायला नाही म्हणते. आजवर तिला 'नाही' म्हणायची सोयच नव्हती. लहान शेतकऱ्याची यात ओढाताण होते हे आम्ही नाकारत नाही, त्याच्या कापसाला भाव मिळाला पाहिजे हे खरेच. पण त्याची भरपाई मजूर बाईच्या लाचारीतून व्हावी, हा न्याय आम्हांला मान्य नाही.

१९४७ साली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या वतीने बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. त्यात त्यांनी अगदी हाच प्रश्न उभा केला आहे. ज्याला काम नाही, ज्याची चूल कशी पेटेल याची खात्री नाही, त्याच्यासमोर एकीकडे नोकरी ठेवा आणि दुसरीकडे भाषण, संघटना, धर्म यांचे स्वातंत्र्य ठेवा. तो काय निवडील? उपासमारीच्या भीतीने तो आपले हक्क सोडून देईल, असे बाबासाहेबांचे म्हणणे. त्यावर त्यांचा उपाय नुसते पैसे वाटण्याचा नव्हता. शेती राज्याच्या मालकीची करावी, ती गावकऱ्यांना जातिभेद न करता सामुदायिक रीतीने कसायला द्यावी, प्रत्येक प्रौढाचा विमा असावा, आणि हे सारे घटनेतच लिहून ठेवावे, म्हणजे आज आलेले सरकार देईल आणि उद्याचे काढून घेईल असे होणार नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लाखो माणसे तुरुंगात गेली, ती जमिनीसाठी. पंधराशे रुपयांनी जमीन येत नाही, हे कोणी विसरू नये.

घटनेत लिहिण्याचा आग्रह बाबासाहेबांनी का धरला? त्यांनी बलुते पाहिले होते. बलुते हेही एक प्रकारचे उत्पन्नच की! महाराने गावाची रात्रंदिवस चाकरी करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन हात पसरायचा. किती द्यायचे ते देणाऱ्याच्या मर्जीवर. नाही दिले तर दाद मागायला जागा नाही. या वतनाच्या बेडीविरुद्ध त्यांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणले. वतने कायद्याने गेली ती त्यांच्या पश्चात, १९५८ च्या कायद्याने. दुसऱ्याच्या मर्जीवर मिळणारे धान्य पोट भरते आणि मानही खाली घालायला लावते, हा आमचा वंशपरंपरेचा अनुभव आहे.

या कसोटीवर लाडकी बहीण योजना घासून पाहिली तर आमचे मन चरकते. तिच्यामागे कायदा नाही, शासन निर्णय आहे. निवडणुकीच्या चार महिने आधी ती आली. प्रचारात २,१०० रुपयांचे आश्वासन दिले गेले, मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ती वाढ झाली नाही. आधी अर्ज धडाधड मंजूर झाले, निकाल लागल्यावर चाळणी सुरू झाली. जून २०२५ पासून २६ लाखांहून अधिक लाभार्थींचे पैसे थांबवल्याचे सरकारनेच सांगितले. त्यात खोटे अर्जदार होतेच, पुरुषही निघाले, त्यांची गय करू नये. पण मग सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली आणि तिथे बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा बापाचा आधार मागितला. जिचा नवरा वारला, बाप वारला, जिला नवऱ्याने टाकली, तिने काय करावे? ओरड झाली, मुदत वाढवावी लागली. योजना बाईच्या नावाची, आणि ओळख पटवायला बाप्या हवा! आणि नाव तरी काय? भाऊ बहिणीला ओवाळणी घालतो ती त्याच्या खुशीची असते. घातली नाही म्हणून बहीण कचेरीत जात नाही. नागरिकाला राज्याकडून जे मिळते त्याला ओवाळणी म्हटले की मागणाऱ्याची जीभ आपोआप अडखळते.

याहून गंभीर गोष्ट पैसा कुठून आला ही. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास खात्याचे सुमारे ३३५ कोटी रुपये या योजनेकडे वळवल्याचे उघड झाले. खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी त्यावर जाहीर नाराजी दाखवली. हा कोणता पैसा? अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात राखून ठेवलेला. मुलांच्या शिष्यवृत्त्या, वसतिगृहे, परदेशी शिक्षण, वस्त्यांची सुधारणा यांचा. म्हणजे आमच्याच लेकीची शिष्यवृत्ती लांबवायची आणि तिच्या मायला पंधराशे देऊन टाळ्या घ्यायच्या. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालण्याला उत्पन्न म्हणत नाहीत. हा निधी वळवता येऊ नये म्हणून आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ साली कायदे केले. महाराष्ट्रातही तसा कायदा व्हावा ही आपल्या संघटनांची मागणी आहे, ती आता दुप्पट जोराने करावी लागेल. मध्यप्रदेशातल्या त्या प्रयोगात कोणाची शाळा, कोणाचे राशन काढून घेतले नव्हते. जे होते ते राहिले आणि वर रोख मिळाली, म्हणून ती वजने सुधारली.

दीघ निकायातील कूटदंत सुत्तात महाविजित राजाची कथा आहे. राज्यात लुटालूट माजली, राजाला मोठा यज्ञ करायचा होता. पुरोहिताने सांगितले, मारून, बांधून, दंड करून हे थांबणार नाही. जे शेती करतात त्यांना बी-बियाणे आणि चारा द्या, व्यापार करतात त्यांना भांडवल द्या, चाकरी करतात त्यांना वेतन द्या. तसे केल्यावर लोक दारे उघडी टाकून सुखाने राहू लागले. ही कथा सगळ्यांना ठाऊक असते. पण चक्कवत्ती सीहनाद सुत्त फारसे सांगितले जात नाही. तिथला राजा राज्याचे रक्षण तर करतो, पण दरिद्री माणसाला धन देत नाही. दारिद्र्य वाढते, चोऱ्या होऊ लागतात. मग पहिला चोर पकडून आणतात, तो म्हणतो, जगायला काही नाही. राजा त्याला धन देतो. ही बातमी पसरते आणि चोरी केली की राजा देतो असे समजून आणखी चोऱ्या होतात. मग राजा चिडून शिरच्छेद सुरू करतो आणि तेथून शस्त्रे, हत्या, असत्य अशी घसरण लागते. वेळेवर, सर्वांना, रीतसर न देता, गळ्याशी आल्यावर ज्याला त्याला वाटत सुटणाऱ्या राजाचे काय होते, ते या सुत्तात अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे. निवडणुकीच्या तोंडावर तिजोरी उघडणाऱ्यांनी ते वाचायला हरकत नाही, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत.

आम्ही काय करावे? राज्यकर्ते कायदा करतील तेव्हा करतील. आपल्या विहारात कॉलेजला जाणारी वीस-पंचवीस मुले-मुली रोज अभ्यासिकेत बसतात. त्यांनी दर रविवारी वंदनेनंतर दोन तास एक टेबल मांडावे, असे आम्ही विहार समितीला सुचवले आहे आणि समितीने ते मान्य केले आहे. वस्तीतल्या मायबहिणींनी आपले पासबुक आणावे. कोणाचे पैसे कोणत्या महिन्यापासून थांबले, अर्ज कशाने अडला, बँकेने मध्येच काही कापले काय, हे मुले एका वहीत उतरवतील आणि तहसीलला, समाजकल्याणला लेखी अर्ज देतील. पोच घेतल्याशिवाय परत यायचे नाही. शिष्यवृत्ती अडलेल्या मुलांची नावेही त्याच वहीत. सणावाराला गावी जाल तेव्हा तिकडच्या बहिणीची, वहिनीची, मावशीची कागदपत्रे पाहून या. आणि एक विचारून या: सावकाराचे किती, गटाचे किती, मालकाची उचल किती. लाजून कोणी चटकन सांगणार नाही, दोनदा विचारावे लागेल.

वही आणि टेबल यांची सोय झाली आहे. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता सुरुवात.

जयभीम! नमो बुद्धाय!